ॲम्प्लेक्सिकॉल की अम्प्लेक्सिकौलिस? उच्चार, अक्षरं आणि शब्दाची फोड

उरमोडीकाठ (सातारा), सोमवार रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. विषय एका शब्दाचा आहे, पण आमच्या घरात तो आठवडाभर चाललाय, म्हणून इथे मांडतो.

माझी भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वनस्पतीशास्त्र घेऊन. दहावीपर्यंत गावात मराठी शाळेत शिकली. गेल्या आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या तासाला तिला एका झाडाचं वर्णन मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यात एक शब्द आला. इंग्रजी अक्षरांत तो असा: ए, एम, पी, एल, ई, एक्स, आय, सी, ए, यू, एल, आय, एस. तिनं दिसला तसा वाचला, "अम्प्लेक्सिकौलिस". वर्ग हसला. शिकवणाऱ्यांनी विचारलं, "घरावर कौलं घालायची आहेत का?" वर्ग पुन्हा हसला आणि तास पुढं गेला. बरोबर उच्चार काय, तो तिला कुणीही सांगितला नाही. मला जास्त लागलं ते हे.

त्या दिवसापासून पोरगी झाडांची नावं मोठ्यानं वाचत नाही. विचारलं की वहीत लिहून दाखवते. पाच वर्षांची असताना हीच मुलगी कासच्या पठारावर माझ्या खांद्यावर बसून, त्या नावाची फुलं बघून, "सीतेची आसवं, सीतेची आसवं" असं ओरडत होती.

मी महसुलातला माणूस. सातबारा, फेरफार, चतुःसीमा हे माझे शब्द. झाडांशी संबंध पाहुण्यांना पठार दाखवण्यापुरता. तरी एवढं कळतं की शब्द आहे म्हणजे त्याला काही घडण असणार, उच्चाराला काही नियम असणार. तुमच्यातल्या जाणकारांनी सांगावं: हा शब्द कशाकशाचा बनलाय, त्याचे उच्चाराचे तुकडे किती, आणि जोर नेमका कुठं द्यायचा? तिला "असंच म्हणतात" हे उत्तर नकोय. मलाही नको.

---

रानवाट (कराड), सोमवार रात्री १०.०५

दादा, मी वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून आधी वाईट वाटलं. मग लगेच लिहायला बसले.

पहिली गोष्ट, इथे शब्द दोन आहेत आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. "ॲम्प्लेक्सिकॉल" हे इंग्रजी विशेषण, पानाचं वर्णन करताना वापरतात. "अम्प्लेक्सिकौलिस" हे मूळ लॅटिन रूप, ते झाडाच्या नावात दुसऱ्या जागी येतं. भाचीनं जे वाचलं त्याच्या शेवटी "आय, एस" आहे, म्हणजे तिच्यासमोर लॅटिन रूप होतं. ते लॅटिनसारखं वाचलं यात चूक काहीच नाही.

आता फोड. लॅटिनमध्ये "अम्प्लेक्टी" म्हणजे वेढून घेणं, मिठीत घेणं. त्यावरून "अम्प्लेक्सुस", वेढलेला. "कौलिस" म्हणजे खोड, देठ. मधला "इ" हा सांधा. लॅटिन शब्द जोडताना मध्ये बहुधा "इ" येतो, ग्रीक शब्द जोडताना "ओ". ही खूण लक्षात ठेवली की नाव कुठल्या भाषेतून आलंय याचा अंदाज पहिल्या नजरेत येतो. कासवर गेंदाची जी पांढरी चेंडूफुलं दिसतात त्यांच्या प्रजातीचं (जीनस) नाव एरिओकौलॉन. एरिओन म्हणजे लोकर, कौलोस म्हणजे खोड. दोन्ही ग्रीक, म्हणून मध्ये "ओ".

तर अम्प्लेक्सिकौलिस म्हणजे खोडाला मिठी मारणारं. पानाला देठ नसतो आणि पात्याचा तळ दोन्ही बाजूंनी पुढं येऊन खोडाला वेढतो. नुसता देठ नसेल तर शब्द वेगळा, "सेसाइल", लॅटिनमध्ये "सेस्सिलिस", बसलेलं. आपली टोपली कारवी, जी सात वर्षांनी पठार जांभळं करते, तिच्या नावात हाच सेस्सिलिस आहे. बसणं वेगळं, मिठी मारणं वेगळं. परीक्षेत हा फरक विचारतात.

आणखी एक. कौलिस हे पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूप. प्रजातीचं नाव नपुंसकलिंगी असेल तर "कौले" होतं. लिनियसनं १७५३ साली नाव दिलेलं लॅमियम अम्प्लेक्सिकौले हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. म्हणजे एकाच शब्दाचे शेवट तिला पुस्तकात वेगवेगळे दिसतील, तेव्हा गडबडून जायचं कारण नाही. आपण नाही का काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर म्हणत?

उच्चाराबद्दल मी थोडंच बोलते. वनस्पतींच्या नावांची जी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे ती नाव कसं लिहायचं ते ठरवते, कसं उच्चारायचं ते ठरवत नाही. इंग्रज एक म्हणतो, जर्मन दुसरं, इटालियन तिसरं. त्यामुळे वर्गात हसणाऱ्यांच्या बाजूनं कुठलाही नियम उभा नव्हता.

जोर कुठं द्यायचा हे मात्र लॅटिनच्या नियमानं ठरलेलं आहे. ते इथले ताराजभान सर माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

---

पाचट (ता. वाळवा), मंगळवार सकाळी ६.५०

रामराम. मी शेतकरी माणूस, लॅटिन काय कळत नाय. पण खोडाला मिठी मारणारं पान म्हटल्यावर आमच्या डोळ्यापुढं ऊसच आला. सध्या तोड चालू हाय आमच्याकडं. कांडं सोलताना पानाचा खालचा भाग कसा कांड्याला गच्च धरून असतोय, ते रोज हातानं बघतोय. हळदीचं पण तसंच. मग ऊस आन् हळद त्या शब्दात बसतात का?

---

रानवाट, मंगळवार सकाळी ८.१५

दादा, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, कारण इथंच मुलं चुकतात. उसाच्या पानाचा खालचा भाग म्हणजे लांब म्यान. ते कांड्याला नळीसारखं गुंडाळलेलं असतं आणि हिरवं पातं त्या म्यानाच्या वर सुरू होतं. हळदीत तर बाहेरून जे खोड वाटतं ते बहुतेक या म्यानांचाच थर असतो, खरं खोड जमिनीत, म्हणजे आपण जी हळद खातो ती. त्याला "म्यानधारी पान" म्हणायचं.

अम्प्लेक्सिकौलिसमध्ये म्यान नसतं. पात्याचाच तळ, कानाच्या पाळ्यांसारखे दोन तुकडे काढून, खोडाच्या दोन्ही अंगांनी जातो. तुमच्या बांधावर पिवळा धोत्रा नक्की असणार, तो बघा. त्याची मिठी अर्धी असते. वर्णनात त्याला "सेमी" लावतात. ओलाव्याच्या कडेला सदामंडी दिसली तर तिची वरची पानं बघा. म्हातारा नावाचं दुधाळ तण आहे, त्याच्या पानांच्या पाळ्या खोडामागं पार पोचतात.

---

ताराजभान (वाई), मंगळवार दुपारी ३.३०

मी तीस वर्षं मराठी शिकवलं. आता निवृत्त. रानवाटताईंनी माझं नाव घेतलं म्हणून लिहितो. जरा लांबेल, पण त्या मुलीनं हे सगळं वाचावं अशी इच्छा आहे, म्हणून तिलाच उद्देशून लिहितो.

बाळ, तुला हा शब्द वाचण्यासाठी जे लागतं ते आठवी-नववीत शिकवलेलं आहे. लघु (आखूड) आणि गुरु (लांब).

आधी तुकडे पाडू. देवनागरीत लिहिताना आपण अ-म्प्ले-क्सि-कौ-लि-स असे गट पाडतो. पण तोंड असे तुकडे पाडत नाही. "पुस्तक" हा शब्द घे. लिहिताना पु-स्त-क, बोलताना पुस्-तक. जोडाक्षरातला पहिला वर्ण मागच्या तुकड्याला जाऊन चिकटतो. तसंच इथे. अम्, प्लेक्, सि, कौ, लिस्. पाच तुकडे. इंग्रजीत ज्याला एक्स म्हणतात त्या अक्षरात क आणि स असे दोन वर्ण आहेत, त्यातला क अलीकडे राहतो आणि स पलीकडे जातो. इंग्रजी शब्दकोशात छापताना एक्स फोडता येत नाही म्हणून तो सबंध एका बाजूला ठेवतात. ती छपाईची अडचण. तोंडाला ती अडचण नाही.

आता लघु-गुरु लाव. अम् बंद आहे, म्हणजे शेवटी व्यंजन आहे, म्हणून गुरु. प्लेक् बंद, गुरु. सि उघडा आणि ऱ्हस्व, लघु. कौ संयुक्त स्वर, गुरु. लिस् बंद, गुरु. गा गा ल गा गा. वृत्तातले गण ओळखायचं सूत्र, यमाताराजभानसलगा, म्हणून बघ. ताराज म्हणजे त गण, गा गा ल, आणि वर दोन गुरु. इंद्रवज्रा वृत्ताची ओळ याच चालीनं सुरू होते. मी आज सकाळी हा शब्द इंद्रवज्रेच्या चालीत म्हणून पाहिला. पहिल्या पाच अक्षरांत तो चपखल बसतो.

लॅटिनचा आघाताचा नियम असा. शेवटच्या तुकड्यावर जोर देत नाहीत. शेवटून दुसरा तुकडा बघायचा. तो गुरु असेल तर जोर त्याच्यावर. लघु असेल तर जोर एक घर मागं, शेवटून तिसऱ्यावर. संपला नियम. तीन किंवा जास्त तुकड्यांच्या शब्दांना एवढंच लागतं.

अम्प्लेक्सिकौलिसमध्ये शेवटून दुसरा "कौ". गुरु आहे. जोर तिथे. अम्प्लेक्सिकौलिस.

आता इंग्रजी रूप घे. ॲम्-प्लेक्-सि-कॉल. शेवटचा "इस" गळला, चार तुकडे राहिले. शेवटून दुसरा आता "सि" झाला, तो लघु. म्हणून जोर एक घर मागं, प्लेक् वर. ॲम्प्लेक्सिकॉल. इंग्रज नेमका तिथेच जोर देतात. एक तुकडा गळला म्हणून जोर कौवरून उडी मारून प्लेक् वर गेला. रानवाटताई म्हणाल्या शब्द दोन आहेत, त्याचं हे कानाला कळणारं कारण.

राहिला "कौ" की "कॉ". जुन्या लॅटिनमध्ये हा स्वर आ आणि उ एका दमात म्हटल्यासारखा होता. आपला औ त्याच्या अगदी जवळ आहे. "कॉ" हे इंग्रजांनी आपल्या तोंडाच्या सोयीनं केलेलं रूप. तेव्हा ज्या उच्चाराला वर्ग हसला, तो उच्चार रोमन माणसानं ओळखला असता. कॉलिस म्हटलं असतं तर त्याला बहुधा पुन्हा विचारावं लागलं असतं. इंग्रजीत बोलताना ॲम्प्लेक्सिकॉल म्हण, लॅटिन नाव वाचताना अम्प्लेक्सिकौलिस म्हण. दोन्ही तुझ्या तोंडी शोभतील.

एक सावधगिरी. लॅटिन लिखाणात ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाहीत. जोडाक्षर आणि औ डोळ्यांना दिसतात, पण एकटा इ किंवा आ लांब की आखूड हे शब्दकोशात बघावं लागतं. उदाहरणार्थ "इन्दिका". शेवटून दुसरा "दि" ऱ्हस्व आहे, म्हणून जोर "इन्" वर. "मेक्सिकाना" मध्ये "का" दीर्घ, म्हणून जोर "का" वर. आंब्याचं "मान्गिफेरा" घे. "फे" ऱ्हस्व, म्हणून जोर "गि" वर, मान्गिफेरा. बहुतेक जण "फे" वर जोर देतात.

अजून एक साम्य सांगतो आणि थांबतो. मराठीत "तुझ्या" म्हणताना "तु" गुरु होत नाही, कारण पुढच्या झ्याचा आघात त्याच्यावर पडत नाही. लॅटिनमध्येही अशी सवलत आहे. क, ट, प यांसारख्या वर्णाला र किंवा ल जोडून आला तर आधीचा ऱ्हस्व तुकडा आघातासाठी लघुच धरतात. दोन भाषांच्या कानांनी एकच बारकावा टिपलाय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

---

मिरजमळा (मिरज), मंगळवार रात्री ९.४०

सर, मी डॉक्टर आहे. शरीररचनेच्या पहिल्या वर्षी अशी शेकडो नावं पाठ केली. हा नियम तेव्हा कुणी दोन मिनिटांत सांगितला असता तर किती बरं झालं असतं.

"प्लेक्" बद्दल थोडी भर. लॅटिनमध्ये "प्लेक्टेरे" म्हणजे गुंफणं, वेणी घालणं. आमच्याकडे खांद्याजवळ मज्जातंतूंची गुंफण असते तिला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. तोच शब्द. "कॉम्प्लेक्स" म्हणजे एकत्र गुंफलेलं. मिरजेत स्टेशन रोडला ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्लेक्स असतं, त्यातही हेच मूळ आहे. पावसाळ्यात बेडकाचा नर मादीला पाठीवरून धरून बसतो त्या मिठीला प्राणीशास्त्रात ॲम्प्लेक्सस म्हणतात. पान आणि बेडूक दोघांसाठी शब्द एकच, कारण क्रिया एकच: दोन्ही बाजूंनी हात घालून धरणं.

---

ताराजभान, मंगळवार रात्री १०.१०

डॉक्टर, सुरुवातीच्या "अम्" चं मी राखून ठेवलं होतं. ते मूळचं "अम्बि", दोन्ही बाजूंनी. संस्कृतातला "अभितः" त्याचा सख्खा भाऊ, अर्थही तोच. तेव्हा अम्-प्लेक्-सि-कौलिस: दोन्ही बाजूंनी गुंफून घेतलंय खोड ज्यानं. आपल्या बहुव्रीहीसारखा विग्रह होतो. पान हे त्या शब्दात कुठंच नाही, ते बाहेर उभं आहे. "नीलकंठ" मध्ये शंकर नसतो तसंच.

---

मंडईवाली (सातारा), बुधवार सकाळी ११.००

एक विचारू का? कौलिस म्हणजे खोड, मग कॉलीफ्लॉवरमधला कॉली तोच का?

---

रानवाट, बुधवार दुपारी १.२०

ताई, तोच. लॅटिनमध्ये कौलिस म्हणजे खोड आणि कोबीचं झाड, दोन्ही. मुळात जाड देठाची भाजी. त्यावरून इंग्रजीत कॉलीफ्लॉवर आला, केल आली. आणि पोर्तुगीजांत कौलिसचं झालं "कोव्ह". बटाटा, पाव, अननस, चावी यांच्याबरोबर हाही शब्द आपल्याकडे उतरला आणि त्याचा कोबी झाला. तुम्ही मंडईत फ्लॉवरचा गड्डा आणि कोबीचा गड्डा शेजारी शेजारी मांडता ना, एकच लॅटिन शब्द दोन वाटांनी येऊन तिथं शेजारी बसलाय.

फणस बुंध्याला लागतो, उंबर खोडाला लगडतो, त्यालाही शास्त्रात "कॉलिफ्लोरी" म्हणतात. खोडावर फुलणं. मुलांना कौलिस एकदा कळला की हे सगळे शब्द आपोआप उघडतात. म्हणून मी पाठांतराच्या आधी फोड शिकवते.

---

पाचट, बुधवार रात्री ८.३०

बाई, कोबीचं वाचून घरात सगळ्यांना सांगितलं. मंडळी म्हणाली, आता कोबीला कौलिस म्हणायचं काय.

माझं म्हणणं असं, ह्या शब्दाला आपला मराठी शब्द पायजे. "खोडमिठी पान". ऐकल्याबरोबर कळतंय.

---

ताराजभान, बुधवार रात्री ९.१५

"कांडाश्लेषी" करता येईल. कांड म्हणजे खोड, आश्लेष म्हणजे मिठी. नियमात बसतो, विशेषण म्हणून चालतो, "कांडाश्लेषी पर्ण", "कांडाश्लेषी पर्णतल" असं पुढे वाढवता येतं. आमच्या वाईत विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलं. त्या परंपरेतल्या माणसाला संस्कृत घडणीचा शब्द जवळचा वाटतो, हे मी मान्य करतो.

---

रानवाट, बुधवार रात्री ९.५०

सर, आदर ठेवून असहमत. कांडाश्लेषी वाचताना माझ्या विद्यार्थ्याला पुन्हा फोड करावी लागेल, म्हणजे लॅटिनची अडचण संस्कृतात नेऊन ठेवल्यासारखं होईल. "खोडमिठी" गोड आहे, पण ते नाम आहे आणि अर्ध्या मिठीसाठी "अर्धखोडमिठी" फार अवघड जाईल. मी वर्गात "खोडवेढी पान" म्हणते, आणि "अर्धवेढी". "वेढा" हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला वेढा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

---

पाचट, बुधवार रात्री १०.००

वेढा शत्रूचा असतोय बाई. पान काय खोडाचं शत्रू नाय. मी मिठीवरच हाय.

---

उरमोडीकाठ, शुक्रवार संध्याकाळी ७.१०

मंडळी, तीन दिवस गप्प होतो. तुमचं सगळं लिखाण छापून भाचीला दिलं. सरांची पोस्ट तिनं दोनदा वाचली आणि मग वहीत गा गा ल गा गा लिहिलं. काल सकाळी म्हणाली, मामा, कालव्यावर जाऊ.

कालव्याच्या भरावावर पिवळा धोत्रा मुबलक आहे. तिनं एक फांदी कात्रीनं कापली, काट्यांमुळं हातानं धरवत नव्हती. कापल्या जागी हळदीसारखा पिवळा चीक आला. पान निळसर हिरवं, शिरांवर पांढरे पट्टे, कडेला काटे. तिनं कात्रीच्या टोकानं पान थोडं उचललं आणि मला तळ दाखवला. देठ नाहीच. पात्याच्या दोन पाळ्या खोडाच्या दोन्ही अंगांनी पुढं आलेल्या. तिनं फांदी फिरवली. मागच्या बाजूला पाळ्या एकमेकींना शिवत नाहीत, मध्ये खोडाची बोटभर रुंदीपेक्षा कमी पट्टी उघडी राहते. "ही अर्धी," ती म्हणाली.

मग पुढं मोरीजवळ ओल होती तिथं तिनं म्हातारा शोधला. पान मऊ, तोडलं की पांढरं दूध. त्याच्या पाळ्या टोकदार, आणि खोडाच्या मागं पार गेलेल्या. मी सातारा तालुक्यात पंचवीस वर्षं बांध मोजतोय. ही दोन्ही तणं हजार वेळा पायाखाली गेली असतील. पानाच्या तळाकडं कधी बघितलं नव्हतं.

तिथं उभं राहून ती मोठ्यानं म्हणाली, अम्प्लेक्सिकौलिस. कालव्याच्या पलीकडं एक आजी गवत कापत होत्या, त्यांनी वर बघितलं. भाची थांबली नाही. पुन्हा म्हणाली.

पुढचं ती स्वतः लिहिणार आहे, तिला इथं खातं काढून दिलंय.

---

दवबिंदू (सातारा), शुक्रवार रात्री ८.४५

नमस्कार. मीच ती भाची. सर, रानवाट मॅडम, पाचट काका, डॉक्टर, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मी आज माझ्या यादीतली काही नावं नियमानं लावून बघितली, चुकलं तर सांगा.

सातारेन्सिस: सा-ता-रेन्-सिस्. शेवटून दुसरा रेन् बंद, म्हणून जोर रेन् वर. हे वायतुऱ्याच्या नावात आहे. वायतुरा मला फार आवडतो, कारण त्याचा तुरा इंग्रजी वायसारखा फाटतो आणि नावातच ते सांगितलंय, आणि लॅटिन नावात आपला जिल्हा आहे. १९८२ साली त्याला हे नाव मिळालं.

पुर्पुरास्केन्स: पुर्-पु-रास्-केन्स्. रास् वर जोर. हे सीतेच्या आसवांचं नाव. मधला "आस्क" म्हणजे "होत जाणं", असं आज वाचलं. म्हणजे जांभळं होत जाणारं. नुसतं जांभळं असतं तर "पुर्पुरेआ" झालं असतं. पठारावर सप्टेंबरात ती फुलं बघताना मला नेहमी वाटायचं की सगळी एका रंगाची नाहीत.

सोन्खिफोलिआ: सोन्-खि-फो-लि-आ. लि उघडा आणि ऱ्हस्व, म्हणून जोर फो वर. ही सदामंडी. नावाचा अर्थ म्हाताऱ्यासारख्या पानांची, कारण म्हाताऱ्याची प्रजाती सोन्खुस. काल आम्ही ज्या झाडाजवळ उभे होतो त्याचंच नाव तिच्या नावात बसलंय.

आणि एक शंका. पिवळ्या धोत्र्याच्या वर्णनात पुढं "सेमी" लावतात. मग "सेमिअम्प्लेक्सिकौलिस" मध्ये दोन तुकडे वाढले. जोर हलतो का?

---

ताराजभान, शुक्रवार रात्री ९.०५

तिन्ही बरोबर. "आस्क" तू स्वतः शोधलंस याचा मला विशेष आनंद झाला.

जोर हलत नाही. नियम शेवटून मोजतो, म्हणून पुढं कितीही उपसर्ग लाव, "कौ" आपल्या जागी राहतो. "इस" काढलास की मात्र लगेच हलतो. म्हणून नाव वाचताना डोळे आधी शेवटाकडे न्यावेत आणि मग वाचायला सुरुवात करावी.

आणि "सेमि" हा शब्दही परका नाही. संस्कृतात "सामि" म्हणजे अर्धा. भावंडं आहेत.

---

पाचट, शुक्रवार रात्री ९.३०

पोरी, उद्या सकाळी बांधावरचा धोत्रा बघून येतो. मागनं उघडी पट्टी दिसली तर फोटो टाकतो. मिठी अर्धी का असंना, मिठीच हाय.

---

दवबिंदू, शुक्रवार रात्री ९.४०

काका, हातमोजे घालून जा, काटे फार बारीक असतात. आणि शेंड्याचं नको, मधलं पान बघा.